दोक्केबीचा डावा पाय

आमच्या नुरुपगोलमध्ये बांग चुनबोकदादा अठ्ठ्याहत्तर वर्षं राहताहेत, आणि एवढ्या आयुष्यात ते एकदाच जिंकले. तेही दोक्केबीशी कुस्तीत.

बाकी सगळा हारीचाच कारभार. मिरचीवर कीड आली तर पहिली त्यांच्या वाफ्यात. गावच्या बैलानं जन्मात एकच लाथ मारली, ती त्यांना. सरपंचपदासाठी तीनदा माझ्याविरुद्ध उभे राहिले आणि तिन्ही वेळा आपटले. शेवटच्या खेपेला त्यांना तीन मतं पडली. एक त्यांचं, एक त्यांच्या बायकोचं, म्हणजे बोंगनिमवहिनींचं, आणि तिसरं कुणाचं हे शोधत ते वर्षभर दारोदार फिरले. "तू का रे? मग तू?" ते मत माझं होतं. मी, थाक दलसू, या गावचा सरपंच, हे इथे पहिल्यांदा कबूल करतो आहे. दादांनी विचारलं तर सपशेल नाकारीन.

पण दोक्केबीचा विषय निघाला की हाच माणूस वीतभर उंच व्हायचा. विसाव्या वर्षी, बाजारातून परत येताना, दिवस मावळता मावळता खिंडीत धुकं उतरलं आणि वाट अडवून दोक्केबी उभा. जुन्या झाडूत नाहीतर मोडक्या मुसळात जीव शिरला की दोक्केबी होतो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. कुट्टूच्या थुलथुलीत वड्या दिसल्या की तो लाळ गाळतो आणि माणूस दिसला की म्हणतो, "चल, कुस्ती खेळू." अंगात बैलाचं बळ, पण डोकं विसराळू आणि डावा पाय कच्चा. दादांनी नेमका तोच हेरला, टांग मारली, गडी चीत केला आणि स्वतःच्या कमरपट्ट्यानं नुरुपच्या झाडाला बांधून टाकला. पहाटे बघतात तर झाडाशी झाडू! आणि डब्यातल्या वड्या फस्त.

तो झाडू आजही गावच्या सभागृहात काचेच्या पेटीत आहे. खिंडीत पाटी आहे. दर वर्षी छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला शाळेच्या मैदानात वाळूचा आखाडा होतो, आणि पहिली कुस्ती लागण्याआधी दादा आखाड्यात उतरून तो डाव करून दाखवतात. "डावा पाय!" ते ओरडतात. "उजव्याच्या नादी लागलात तर मेलात! दोक्केबीचा डावा पाय धरा!" अख्खं गाव त्यांच्याबरोबर ओरडतं. वर्षातली ती पाच मिनिटं दादांची. उरलेलं वर्ष ते त्या पाच मिनिटांवर काढतात, असं मला नेहमी वाटत आलंय.

त्या पाच मिनिटांवर बोळा फिरवला तो त्यांच्या सख्ख्या नातीनं. आणि कबूल करायला लाज वाटते, पण फिरवताना बोळा माझ्या हातात होता.

त्यांची नात दासोम सोलमध्ये राहते. सव्वीस वर्षांची, चष्मा घालते आणि कादंबऱ्या लिहिते. या वर्षी तिचं पहिलं पुस्तक आलं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी, 'झाडूवाली आणि धुक्याचा राजा' नावाचं. तिनं गावाला वीस प्रती पाठवल्या. गावात सोळा-सतरा वर्षांचं एकच आहे, पोस्टाजवळचं पिंपळाएवढं मोठं झालेलं पर्सिमनचं झाड. माणसांत सगळ्यांत तरुण म्हणजे मी, चौसष्टचा. वीस प्रती सभागृहात वाटल्या आणि वीस म्हाताऱ्यांनी पुस्तक आधी डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सरपंच, मुंग्या आहेत या," चोन आजी म्हणाली. चोन आजी गावातली सगळ्यांत थोरली, नव्वद वर्षांची. "कर्ण्यावरून वाच."

गावचा कर्णा माझ्या ताब्यात आहे. चार दिशांना चार भोंगे. मी शिंकलो तरी पलीकडच्या दोन खोऱ्यांतली माणसं "सावकाश" म्हणतात. तेव्हा ठरलं, छुसकपर्यंत रोज जेवणं झाल्यावर एक प्रकरण. आधी चाळून घ्यावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी सूचना वाचतो तेव्हा कधी आधी चाळतो? पाणी बंद म्हणजे बंद.

कादंबरीत होती रान नावाची सतरा वर्षांची झाडूवाल्याची पोर. धुक्याचा राजा माणसांची नावं चोरायचा. नऊ शेपट्यांची कोल्हीण शाळेत गणित शिकवायची. चिलीम ओढणारा वाघ बसचा वाहक होता आणि सुट्टे नाहीत म्हणून प्रवासी खायचा. आणि एक दोक्केबी राजकुमार होता, उंच, गोरापान, चंदेरी केसांचा. तो पानोपानी खिडकीशी उभा राहून पावसाकडे बघायचा.

गावानं रोज ऐकलं आणि रोज खवळलं.

"चंदेरी केस?" चुनबोकदादा मिरच्या वाळत घालता घालता थेट माझ्या खोलीत आले. "मी या हातांनी धरलाय त्याला. केस नव्हते, काटे होते काटे! आणि वास आंबलेल्या कोंड्याचा. लिहून घे, सरपंच. पोरीला कळव."

"दादा, ती कादंबरी आहे."

"म्हणून काय काहीही? दोक्केबी पावसाकडे बघतो म्हणे! भिजला तर कुजेल ना तो!"

मी लिहून घ्यायचो. सातव्या प्रकरणापर्यंत दादांच्या दुरुस्त्या अकरा पानं झाल्या होत्या. चोन आजीची एकच तक्रार होती, की कोल्हीण गणित शिकवते तर माणसांचं लिव्हर कधी खाते? पण दादा आतून फुलले होते. नातीच्या पुस्तकात दोक्केबी आहे, म्हणजे पुढे कुठेतरी आपण आहोतच, असा त्यांचा हिशेब. अकराव्या प्रकरणाचं नाव 'खिंडीतली कुस्ती' आहे हे मी आदल्या दिवशी जाहीर केलं, तेव्हा तर ते बाजारात जाऊन केस कापून आले. कर्ण्यावरून ऐकायला!

त्या दिवशी जेवणानंतर मी घसा साफ करत होतो तेवढ्यात बोंगनिमवहिनी आल्या. पंचाहत्तरीची बाई, पण दोन पोती कोबी अजून एकटी उचलते. फक्त डावा पाय जरा आखडता. गेल्या हिवाळ्यात त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आत धातूचा सांधा बसवलाय.

"सरपंच, आज घसा बसलाय म्हणा."

"बसला नाही, वहिनी. उलट मध घेतलाय."

"मग वीज गेली म्हणा."

"दिवा चालू आहे."

वहिनींनी दिव्याकडे असं बघितलं की तो जायलाच हवा होता. "एक प्रकरण गाळलंत तर काय आभाळ कोसळेल?"

आता मी सरपंच. गावच्या ठरावातलं एक प्रकरण गाळायचं? मी म्हणालो, "वहिनी, नियम म्हणजे नियम," आणि बटण दाबलं. माझ्या या वाक्यावर मी पुढे दोन आठवडे थुंकलो.

वाचायला घेतलं. खिंड, धुकं, सगळं झकास. रान बाजारातून परत निघालेली, पाठीवर न विकलेल्या अठरा झाडूंची मोळी, अंगावर बापाचं गवताचं इरलं. समोरून एक तरुण डुलत येतो, हातात वड्यांचा डबा, तोंडाला तांदळाच्या दारूचा वास. "दोक्केबी!" तो किंचाळतो. "ये, खेळ कुस्ती!" आणि पोरीची कंबर धरतो.

इथे मला काहीतरी खटकलं. पण माझं असं आहे, की वाचायला लागलो की तोंड पुढे जातं आणि डोकं मागून चालत येतं.

"रानने त्याला एकदा आपटलं," मी वाचलं. "तो उठला. दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा तो उठलाच नाही, 'आई गं, दोक्केबीनं मारलं' म्हणून रडत तिथेच घोरायला लागला. उतारावरून ओढ्यात गडगडू नये म्हणून तिनं त्याला त्याच्याच कमरपट्ट्यानं नुरुपच्या झाडाला बांधलं, मानेखाली उशीला एक झाडू सारला, मेहनताना म्हणून डब्यातल्या वड्या खाल्ल्या आणि ती घरी गेली. पुढे त्याच मूर्खाशी तिनं लग्न केलं, पण ती वेगळी गोष्ट."

हे शेवटचं वाक्यसुद्धा मी वाचलं. आवाजात चढउतार घालून वाचलं.

वहिनींचे वडील झाडू बांधायचे, हे तिन्ही खोऱ्यांना माहीत होतं. आधी पलीकडच्या डोंगरावरून एक हसू आलं. मग कोबीच्या मळ्यातून. मग चोन आजीचं, खिडकीखालून, दात नसलेलं. बोंगनिमवहिनींनी कपाळावर हात मारला. "कुणाला सांगणार नाही म्हणाली होती कार्टी. सांगितलं नाही, छापलं!"

दादा कर्ण्याच्या खांबाखाली नव्या कापलेल्या केसांनिशी उभे होते. टोपी घातली आणि घरी गेले. मला त्या क्षणी सरपंचपदाचा राजीनामा द्यावासा वाटला, आणि हे वाटणं माझ्या बाबतीत सोपं नाही.

दोन दिवस ते दाराबाहेर आले नाहीत. मी डाळिंबाचा रस घेऊन गेलो, आतून आवाज आला, "दादा मेला." यंदा आखाड्यात उतरणार नाहीत, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. गावानं त्यांच्याकडून आणखी काय काय काढून घेतलं असतं तरी चाललं असतं. त्या माणसाकडे ही एकच वस्तू होती.

तिसऱ्या दिवशी सभागृहात पत्ते रंगात आले असताना दार धाडकन उघडलं. दादा. डोळे लाल, पण मान ताठ.

"ऐका सगळे! पोरीनं लिहिलं ते खरं आहे."

पत्ते खाली आले.

"खिंडीत मला भेटली ती हीच. मग त्याचा अर्थ काय?" त्यांनी बोट वर केलं. "अर्थ सरळ आहे. माझी बायको दोक्केबी आहे! अठ्ठावन्न वर्षं मी दोक्केबीबरोबर संसार केला, आणि जिवंत आहे!"

सभागृहात टाचणी पडली असती तर तीही हसली असती. पण दादा मागे हटणारे नव्हते. "पुरावे घ्या. कुट्टूच्या वड्या एका बैठकीत किती खाते? चार! सकाळी ठेवलेली वस्तू दुपारी आठवते का तिला? नाही! कोबीची पोती कशी उचलते, बघितलंत? आणि घोरणं! ते माणसाचं घोरणं नव्हे."

"मग आमच्या घरी पण दोक्केबीच आहे," एक म्हातारी म्हणाली. "तो टीव्हीसमोर असतो."

हा हा म्हणता गावात दोन तट पडले. वहिनी माणूस म्हणणारे आणि वहिनी दोक्केबी म्हणणारे. मी सरपंच म्हणून तटस्थ होतो, म्हणजे दोन्हीकडच्या वड्या खात होतो. तेवढ्यात मिरचीची टोपली कमरेला लावून वहिनी स्वतःच दारात आल्या.

"कोण दोक्केबी?"

दादांनी माझ्या पाठीमागून बोट दाखवलं.

"मी?" वहिनींनी टोपली खाली ठेवली. "ज्या बाईनं तुम्हाला ओढ्यात पडू दिलं नाही ती दोक्केबी? बरं. दोक्केबी तर दोक्केबी. छुसकच्या दुसऱ्या दिवशी आखाड्यात या. मी दोक्केबी असेन तर पाडा मला. डावा पाय कच्चाच आहे माझा, डॉक्टरचा कागद आहे!"

"येतो!" दादा म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा असा झाला की हे कोण बोललं.

आता सगळं उघड्यावर आलं होतं. दादांनी त्या डाव्या पायाला टांग मारून बायकोला पाडलं, तर गोष्ट शाबूत: दोक्केबी होता, डावा पाय कच्चा होता, चुनबोक जिंकला होता. पडले, तर काचेच्या पेटीतला झाडू उशी ठरणार आणि खिंडीतली पाटी मला उपटावी लागणार.

सणाच्या आदल्या दिवशी दासोम सोलहून आली ती रडतच. "आजोबा, ती कल्पना आहे हो! रान म्हणजे आजी नाही, तो म्हणजे तुम्ही नाही!"

"मग वड्या कुणाच्या होत्या?" दादांनी विचारलं. "आणि चंदेरी केस काढ पुढच्या वेळी," ते म्हणाले.

छुसकच्या दुसऱ्या दिवशी पूर्वजांना ताटं दाखवून, सोंगप्योन म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या करंज्या खाऊन सगळी पंचक्रोशी शाळेच्या मैदानात लोटली. मी माइक घेऊन आखाड्याच्या कडेला. वहिनींनी पायजम्यावर निळी पट्टी बांधली होती, कमरेभोवती आणि मांडीभोवती, दादांनी लाल. एरवी दोघांनी गुडघ्यांवर बसून एकमेकांची पट्टी धरायची असते, पण वहिनींचा गुडघा वाकेना. मी जाहीर केलं, "दोक्केबीला उभ्यानं सुरुवात करण्याची खास परवानगी देण्यात येत आहे." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पुढचं वाक्य गिळलं.

दोघांनी एकमेकांच्या उजव्या खांद्यावर डोकी टेकवली आणि पट्ट्या धरल्या. शिट्टी झाली.

"डावा पाय!" गाव ओरडलं. "दादा, डावा पाय!" दोन्ही तटांचे लोक ओरडत होते. चोन आजी खुर्चीतून काठी आपटत होती. "डावा! डावा! अरे तूच शिकवलंस ना, डावा!"

दादांचा पाय उचलला गेला. मी चार पावलांवर होतो, मी बघितलं. तो पाय वहिनींच्या डाव्या गुडघ्यापर्यंत गेला. त्या गुडघ्याला फक्त लागायचा अवकाश होता. वहिनी बसल्याच असत्या वाळूत. पाय तिथे हवेत थांबला. आणि परत आला.

मग दादा उजवीकडे गेले. त्या कोबीची पोती पेलणाऱ्या, ओंडक्यासारख्या उजव्या पायाला त्यांनी आपली काडी अडकवली आणि जोर लावला. वहिनी हलल्यासुद्धा नाहीत. त्यांनी दादांना उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि वाळूत पाठीवर ठेवलं.

कुणी टाळी वाजवली नाही. दादा आभाळाकडे बघत पडून होते, टोपी बाजूला. मला माइकमध्ये निकाल सांगायचा होता आणि माझा घसा, मध घेऊनही, बसला.

वहिनी लंगडत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माइक हिसकावला.

"ऐका," त्या म्हणाल्या. चारही भोंग्यांतून. "अठ्ठावन्न वर्षांपूर्वी खिंडीत मी नव्हते. मी घरी भांडी घासत होते. नातीला गोष्ट हवी होती, मी थाप मारली."

"आजी!" दासोम किंचाळली. "दुसरी आवृत्ती छापायला गेली!"

"गप गं. पुरावा हवा ना? हे घ्या. हा माणूस जन्मभर सांगतोय, दोक्केबीचा डावा पाय धरा. आज धरला का माझा डावा? शिवलासुद्धा नाही. का? कारण समोर दोक्केबी नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. दोक्केबी कसा असतो हे त्याला ठाऊक आहे, कारण त्यानं खरा बघितलाय, आणि खरा पाडलाय. ती मी नव्हते. संपलं!"

गावानं विचार केला. विचार करायला फार वेळ लागला नाही, कारण कुणालाच करायचा नव्हता. "बरोबर आहे!" चोन आजी म्हणाली. "यात काही खोट नाही!" आणि मग टाळ्या, शिट्ट्या, ढोल, दोन्ही तट एकमेकांच्या गळ्यात. वाळूतून दादांचा हात वर आला. "मी सांगत नव्हतो?" ते ओरडले. "काटे होते काटे!"

वहिनी माइक तसाच मुठीत धरून त्यांच्याजवळ गेल्या आणि वाकल्या, जेवढं वाकता येतं तेवढ्या.

"उठा. कंबर धरली का?" भोंगे बोलले. तिन्ही खोऱ्यांत. "मूर्ख कुठले. डावीकडे का नाही आलात?"

"नवा आहे ना तो," दादांचा आवाज. "दुखला असता."

ढोल थांबला होता. दासोमनं चष्मा काढला आणि बाहीनं पुसायला लागली. माइक चालू होता. वेळीच बटण बंद करणं हे सरपंचाचं काम आहे, नियम म्हणजे नियम. मी केलं नाही.